नागुबाईची जागा

ज्या वखारीत सोनुबाईने तीस वर्षं तंबाखू चाळण्यात घालवली, त्याच वखारीच्या तुळया तपासायला तिचा धर्मराज साहेब होऊन आला. मालक मारुतीरावांनी त्याला खुर्ची दिली आणि त्याच दमात त्याच्या आईला हाक मारली, "ए सोने, साहेबांना पाणी आण." काही माणसांना एका तोंडाने दोन हाका मारता येतात.

साल सत्त्याऐंशीचं. धर्मराज बेळगावात इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा. त्याने निपाणीला येताना केसाएवढ्या काचेच्या तंतूचं रीळ आणि लाल उजेडाचा लेसर आणला होता. तंतू खांबाला नि तुळईला चिकटवायचा, एका टोकातून उजेड सोडायचा आणि दुसऱ्या टोकाशी पांढरा कागद धरायचा. कागदावर लाल ठिपक्यांची रांगोळी उमटे. लाकूड थरथरलं की ठिपके हलत, तुळई वाकली की उजेड मंदावे.

मारुतीरावांना माळ्यावर आणखी दोनशे पोती चढवायची होती. त्यासाठी 'माळा भक्कम आहे' असा सहीचा कागद हवा होता. माळ्याखाली तीस बायका चाळण्या घेऊन बसत, त्यांत सोनुबाई. म्हणूनच धर्मराजने हे काम मागून घेतलं होतं. आईच्या डोक्यावरची तुळई त्याला परक्यावर सोपवायची नव्हती.

मोजणीआधी सगळं निवांत असतानाची खूण, म्हणजे शून्य, घ्यावी लागे. "मावशी, जरा हात थांबवा," तो म्हणाला. तीस चाळण्या थांबल्या. रांगेत मधल्या खांबापाशी एका माणसाची जागा मोकळी होती. तिथे नागुबाई बसायची. सहा वर्षांपूर्वी खोकून खोकून ती तिथेच गेली. नवी बाई कामाला आली तरी रांगेच्या शेवटी बसे, ती जागा कुणी भरत नसे.

धूळ खाली बसली. ठिपके मात्र थांबेनात. दोन झटके, थोडा विसावा, मग एक झटका. पुन्हा दोन, विसावा, एक. धर्मराज रस्त्यावर जाऊन पाहून आला. ट्रक नव्हता, गिरणी बंद होती. परत येऊन बघतो तर तेच. सोनुबाई त्याच्या खांद्यावरून कागदाकडे बघत होती. ती जराही घाबरली नाही.

"नागूची चाळण हाय ती. दोनदा आपटायची, दम खायाची, मग येकदा."

"आई, कुठली तरी बाहेरची थरथर असेल."

"असंल की," ती म्हणाली. तापात बरळणाऱ्या पोराला म्हणावं तसं.

धर्मराजच्या अंगावर काटा आला आणि त्याला स्वतःचाच राग आला. त्याच्या बाबांनी छप्पन साली बौद्ध होताना देव आणि भुतं एकाच दिवशी घराबाहेर काढली होती. त्या घरातला पोरगा तो. त्याने वहीत 'बाहेरचा कंप' असं लिहिलं आणि पुढच्या प्रत्येक मोजणीतून तेवढा भाग वजा केला. उरलं ते स्वच्छ होतं. त्याने कागद लिहिला, सही केली. मारुतीरावांनी तो खिशात घातला आणि दुपारपर्यंत हमालांनी पोती वर चढवलीसुद्धा.

जेवणानंतर बायका पुन्हा बसल्या. निघण्याआधी एकदा बघून घ्यावं म्हणून धर्मराजने लेसर लावला आणि हात थांबवायला सांगितले. ठिपके जागच्या जागी थांबले. एकही हलेना. त्याला केवढं हायसं वाटलं!

"बघ आई, गेली तुझी नागुबाई."

सोनुबाईचा चेहरा पांढराफटक पडला. "उठली? आरं, सुट्टी व्हायच्या आत नागू कवाच उठली न्हाय. समद्यांना वाटंला लावून मागनं उठायची ती." मग ती ओरडली, "चला गं, भायेर! नागू उठली!"

एकीनेही का म्हणून विचारलं नाही. चाळण्या तिथेच टाकून बायका दाराकडे धावल्या. मारुतीराव अंगणातून शिव्या घालत होते. धर्मराज बायकांना परत बोलावणार, एवढ्यात त्याची नजर कागदावर गेली. तेल संपत आलेल्या दिव्यासारखा लाल उजेड हळूहळू मंदावत होता. तोही पळाला.

तो अंगणात पोचतो न पोचतो तोच तुळई मोडली. वखारीच्या दारातून तंबाखूच्या धुळीचा लोट बाहेर आला आणि सगळे शिंकत, खोकत राहिले. मारुतीराव सहीचा कागद हातात घेऊन नुसते उभे होते. शिवी त्यांना आठवत नव्हती.

सोनुबाईने सगळ्या बायका मोजल्या आणि मग लेकाजवळ आली.

"तुझ्या कागदात नागूला धरलंतंस का?"

धर्मराजला मान वर करवेना. "वजा केलं," तो म्हणाला.

"आमाला सा वरसं जमलं न्हाय ते," ती म्हणाली. ती भिंतीला टेकून बसली आणि शेजारी एका माणसाची जागा सोडली. धर्मराज त्या जागेच्या पलीकडे जाऊन बसला.