फुग्यातलं बोलणं

साखरबाईने भेंडी निवडायची थांबवली, पदराला हात पुसले आणि पिशवीतून चित्रकथेचे पुस्तक काढून लेकापुढे ठेवले.

"वाच. तुझ्या तोंडनं ऐकायचंय."

ज्ञानेशने पुस्तक ओळखले. त्यातला शब्द न् शब्द त्याच्या हाताचा होता. पुण्यातल्या एका प्रकाशनात अकरा वर्षे तो हेच करत आला होता. चित्रकार माणसे काढायचा. त्यांच्या डोक्यावरच्या फुग्यांत त्यांचे बोलणे ज्ञानेश टाकाने आणि काळ्या शाईने लिहायचा. ओरडणे जाड, कुजबुज बारीक.

"कुठनं आणलंस, आये?"

"मनीनं. वालचंदनगरला मिळालं म्हनं. भावाचं अक्षर म्हनून घेऊन आली."

गोष्ट एका वेडगळ मेंढपाळणीची होती. लेखक शहरातला, तिचे बोलणे त्याला साधेना. "तुम्ही इंदापूरकडचेच ना? जरा अस्सल गावठी होऊ द्या," संपादक म्हणाले होते. ज्ञानेशचा टाक थोडा थबकला, मग त्याने लिहून टाकले. सगळे ऑफिस पोट धरून हसले. तोही हसला होता.

तो वाचू लागला. नवव्या पानावर चोर कळप हाकून नेत होते आणि ओठांवर बोट ठेवलेली ती मेंढपाळीण ओरडणाऱ्या मेंढ्यांना दटावत होती. ज्ञानेशने पान उलटले.

"येक ऱ्हायलं," साखरबाई म्हणाली. तिने पान मागे घेतले. अक्षरओळख नव्हती, तरी बोट नेमके त्याच फुग्यावर टेकले.

'गप ऱ्हावा गं बायांनो, मालक निजल्यात.'

तो चौदा वर्षांचा होता तेव्हा. अंथुर्ण्यातल्या याच अंगणात वडिलांचा देह आणून ठेवला होता. मेंढवाड्यातली मेंढरे उपाशी, एकसारखी ओरडत होती. आई उठून त्यांच्यापाशी गेली आणि हे एवढेच बोलली. मग तेरा दिवस तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

"आये, मी..."

"मनी वाचत व्हती तवा शेजारच्या बाया आल्या व्हत्या. लई हसल्या."

ज्ञानेशची मान खाली गेली.

"मनी न्हाय हसली," ती म्हणाली. "मग त्यातल्या सारजानं इचारलं, असं खरंच कुनी म्हनलं असंल व्हय गं?"

"तू काय म्हनलीस?"

"म्हनलं, आपल्यात न्हाय बाई असं कुनी बोलत."

तिने बोट उचलले आणि पुस्तक पुन्हा त्याच्याकडे सरकवले.

"वाच म्होरं."

ज्ञानेशने पान डोळ्यांजवळ धरले. स्वतःच्याच हाताचे अक्षर त्याला लागेना.