चाळीस मिनिटं

मोठ्या आईच्या जिभेला घरात सगळे वचकून असत. त्या दिवशी मात्र तीच जीभ टाळूला चिकटली होती.

मागच्या खोलीत सून कॉम्प्युटरसमोर हात मांडीत घेऊन बसली होती. दवाखान्यात खाटेशेजारी औषध थेंबथेंब सोडणारी यंत्रं असतात ना, त्यांच्या पोटातला मूळ प्रोग्रॅम तपासायचं तिचं काम. कर्नल म्हणतात त्याला. नव्या कर्नलमधल्या सुधारणा कुणीतरी जुन्यात उतरवायच्या आणि हिनं ओळ न ओळ बघून खाली 'तपासलं' असं लिहायचं.

"मला काही कळत नाही असं धरून सांग," मोठी आई म्हणाली. "धरायचं कशाला, तसंच आहे."

सून हसली नाही. "यंत्र अडकलं की त्याला हलवून जागं करणारा एक पहारेकरी असतो आत. नव्या कर्नलमध्ये त्याचं नाव बदललंय. त्या नावाची ओळ जुन्यात आणली, पण जुन्याला ते नाव ठाऊकच नाही. त्यानं ती गुपचूप गाळली."

"ओरडला नाही?"

"नाही. म्हणून नुसती बदलांची यादी वाचून भागत नाही, आई. सगळं तयार करून शेवटी आत काय उरलं ते बघावं लागतं. चाळीस मिनिटं लागतात. मी बघितलं नाही."

मोठ्या आईला तो दिवस आठवला. महिन्यापूर्वी लेकीच्या सासरची माणसं बाहेर बसली होती आणि ही आत दार लावून. "अजून अर्धा तास, आई," म्हणाली होती. त्यावर आपण पाहुण्यांना ऐकू जाईल असं काय बोललो? 'यंत्राशीच लग्न करायचं होतंस, माझ्या पोराला कशाला गुंतवलंस!' पाहुणे खो खो हसले. आपणही फुशारलो. दोन मिनिटांत सून काम आटोपतं घेऊन बाहेर आली होती.

परवा एक यंत्र अडकलं ते अडकूनच राहिलं. पडद्यावर आकडे दिसत होते, म्हणून नर्सला वाटलं चालू आहे. रोगी वाचला, पण नर्सला घरी बसवलं.

"तिचा काय दोष?"

"काहीच नाही. तेच कंपनीला पत्रात कळवतेय."

"मग लिही, सासूनं हाक मारून उठवलं. मी काय कुणाला भिते?"

"हाक तुम्ही मारली, आई. 'तपासलं' मी लिहिलं."

आवाजात राग नव्हता, तेच मोठ्या आईला झोंबलं. ती भांडली असती तर उलट चार शब्द सुनावता आले असते.

"नोकरी जाईल?"

"जाईलही." सुनेनं पत्र पाठवून टाकलं. "आता ओळ दुरुस्त करते. पुन्हा चाळीस मिनिटं."

मोठ्या आईनं खुर्ची उचलली आणि बाहेर दाराला पाठ लावून बसली. तेवढ्यात जाऊबाई आल्या. "सूनबाई कुठेय? बोलवा की, दोनच मिनिटं."

"कामात आहे."

"एवढं कसलं काम?"

"मला समजलं तेवढंही तुम्हाला समजायचं नाही. बसा नाहीतर या."

जाऊबाई फणकाऱ्यानं गेल्या. घड्याळाचा काटा जागचा हलेना. माझं चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. चाळीस मिनिटांत शंभरदा ओठांपर्यंत आलं.

"झालं, आई," आतून आवाज आला. "पहारेकरी आहे."

मोठ्या आईनं तोंड उघडलं.

"पुन्हा एकदा बघ," ती म्हणाली. "मी बसलेय इथे."