आईचं बोलावणं आणि लाल-काळी गोळी

मंगळवारी सकाळी दवाखान्याच्या दारात चपलांचा ढीग पडला, की समजायचं रंगुबाई आल्या. शिरूरबाहेर नगर रस्त्याला असलेला तो लहानसा खाजगी दवाखाना. बायकांच्या खोलीत खाटा सात, आणि मंगळवारी माणसं साठ. न्हावऱ्याहून एसटीनं आलेली, निमोण्याहून बैलगाडीनं आलेली, काही तर घरात कुणी आजारी नसताना नुसती बघायला आलेली. मी सासूबाईंच्या उशाशी बसले होते. माझ्या मांडीवर कुणाचं तरी पोर कधी येऊन बसलं ते मलाही कळलं नाही.

चमत्कारच तसा होता. रंगुबाई खाटेपाशी यायच्या, वाकून खाटेच्या पायाला हात लावायच्या, डोळे मिटून घुमायच्या आणि सांगायच्या, "ही सुटली," नाहीतर, "हिला आईचं बोलावणं हाय." आई म्हणजे देवी, आणि तिचं बोलावणं म्हणजे जुलाब. बरी होऊन घरी गेलेली बाई आठ-पंधरा दिवसांत पोट धरून पुन्हा याच खोलीत यायची. कोण येणार ते रंगुबाई आधी सांगायच्या, आणि बहुतेक वेळा ते खरं व्हायचं. डॉक्टर खैऱ्यांना कळत नव्हतं ते त्यांना कळत होतं. एकोणऐंशी सालच्या पावसाळ्यापासून हे चाललं होतं.

"आई म्हनती, हे लेकरू माझ्या मनात भरलंय," रंगुबाई घुमत म्हणायच्या. "घरात कुनीतरी मांजर मारलंय. मारलं नसंल तर मारायचा इचार तरी केलाय."

इतकं मोठं जाळं टाकल्यावर सुटणार कोण? माझ्या सासूबाईंना, सोजराबाईंना, लगेच आठवलं की पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनी एका बोक्याला फुंकणी फेकून मारली होती.

बोलावण्यावरचा उपाय एकच. तीन दिवस पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. आत काही गेलं नाही तर बाहेर काय येणार? जुलाब थांबायचे. माणूसही थांबायच्या बेताला यायचं, पण तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं. इनामगावच्या मालनबाईचे डोळे खोल गेले तेव्हा तिला सलाईननं वाचवलं, आणि नारळ मात्र रंगुबाईंना मिळाला.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. आत्याबाईंचं वय सत्तर. पहिल्यांदा आल्या त्या पायात बाभळीचा काटा मोडून पू झाला म्हणून. लाल-काळ्या कॅप्सूलांनी पाय बरा झाला आणि पोट बिघडलं. पुन्हा दवाखाना, पुन्हा त्याच कॅप्सूल. आता ही तिसरी खेप. आणि त्या सकाळी रंगुबाईंनी त्यांच्या कपाळावर अंगारा लावून सांगितलं, "बोलावणं हाय. पानी बंद."

आत्याबाईंनी तोंड मिटलं ते मिटलंच.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजत राहा. नाहीतर उद्या यांना पुण्याला हलवावं लागेल, आणि तिथवर पोचतील असं मी सांगू शकत नाही."

सलाईनची सुई आत्याबाईंनी दोनदा उपटून टाकली होती. "बाटलीत बी पानीच हाय ना?" म्हणाल्या.

पण एक गोष्ट माझ्या मनात टोचत होती. सकाळी मी कॅप्सूलची बाटली पिशवीत ठेवली होती. रंगुबाईंनी खाटेला हात लावला, रिकाम्या स्टुलाकडं बघितलं आणि डोळे मिटायच्या आधी हळूच विचारलं, "औशिद कुठं हाय गं? अंगारा लावायचाय त्याला." मी बाटली काढून दिली. मग आई अंगात आली. सगळं जाणणाऱ्या आईला औषध कुठं आहे ते मला विचारावं लागलं.

दुपारी रंगुबाईंची दुसरी फेरी असायची. त्याआधी बाराच्या सुमारास धुरपदा नावाची पोरसवदा बाई खिडकीजवळच्या खाटेवर आली. उसाच्या गाडीवरून पडून पाय मोडलेला, प्लास्टर घातलेलं, आणि तोंडाला कुलूप नाही. रंगुबाईंनी तिला अजून पाहिलं नव्हतं, पण पाय मोडलेली पोर आल्याची बातमी दारातल्या गर्दीपर्यंत पोचली होती.

मी आत्याबाईंना म्हटलं, "आई तुम्हाला ओळखते ना?"

"रंगुबाई खोटं न्हाई बोलायच्या. आंधाऱ्या कणगीत बसले तरी आई वळखंल मला."

"मग खाट बदलून बघू. ओळखलं, तर मी पुन्हा पाण्याचं नाव काढणार नाही. नाही ओळखलं, तर तांब्याभर प्यायचं."

आत्याबाईंनी जरा विचार केला. श्रद्धा एवढी पक्की, की पैज लावायला त्या घाबरल्या नाहीत. "कर तुझ्या मनाचं," म्हणाल्या.

गर्दी भाकरी खायला बाहेर गेली तेव्हा सिस्टर अंजनाच्या मदतीनं अदलाबदल झाली. आत्याबाई खिडकीजवळ, डोक्यावरून घोंगडी, एका पायाखाली उशी. धुरपदा मोरीशेजारी आत्याबाईंच्या खाटेवर, तोंड भिंतीकडं, पायावर दोन चादरी, स्टुलावर आत्याबाईंच्या कॅप्सूलची बाटली. बाहेर दिसणाऱ्या बटेला मी चिमूटभर पीठ चोळलं. "वैनी, मला हसू येतंय," ती म्हणाली. "चादर चाव," मी म्हटलं.

तीन वाजता रंगुबाई आल्या. मी हात जोडले. "सकाळचं बोलावणं अजून आहे का, पुन्हा एकदा बघा."

त्यांनी स्टुलावरची बाटली पाहिली, बट पाहिली, डोळे मिटले. "लई जोराचं हाय. म्हातारीचा जीव आईच्या पायाशी पोचलाय."

चादर गदागदा हलायला लागली.

"बगा, आई अंगात शिरतीया," गर्दीतलं कुणीतरी म्हणालं.

मग त्या खिडकीजवळ गेल्या. रिकामं स्टूल, उशीनं उंच झालेला पाय. घोंगडीवर हात ठेवून म्हणाल्या, "तू सुटलीस, पोरी. पाय जुळंल. पुढल्या सालाला पाळना हालंल."

घोंगडीतून मला हाक मारत सत्तर वर्षांचा आवाज आला, "गिते, आधी संडासाचं भांडं आन."

आत्याबाईंनी घोंगडी बाजूला सारली. केस विस्कटलेले, ओठ कोरडे, पण नजर धारदार. "मी सुटले म्हनती ही. आन् पाळना बी हालवायला लावती." भिंतीकडची धुरपदा उठून बसली, डोक्यावरचं पीठ झटकलं आणि इतकी हसली की प्लास्टर खाटेवर आपटायला लागलं. हसू साठ माणसांत पसरलं. ज्यांनी नारळ आणले होते त्यांनी ते हळूच पिशवीत परत टाकले.

भांडं झालं. मग आत्याबाई म्हणाल्या, "आन तुझं ते खारट-गोड." तांब्या दोन्ही हातांनी धरून त्या घोट घोट प्यायल्या. डॉक्टर दारात उभं राहून बघत होते.

गर्दी पांगल्यावर रंगुबाई कोपऱ्यात बसून राहिल्या. मी त्यांना चहा दिला. "बाई, खोटं तर खोटं. पण एरवी खरं कसं व्हायचं?"

त्यांनी चहा बशीत ओतला. "दौंडला एका दवाखान्यात बारा वर्सं भांडी उचलली मी. जी भांडी उचलती तिला दिसतं. लाल-काळी गोळी लई दिस चालली, की पोट जातं. केस पांढरं असलं, तर लवकर. पंधरा दिस खाट सुटली न्हाई, तर नक्की. शेजारणीला लागलं, तर हिला बी. आन् जिला येकदा लागून गेलं तिला पुन्यांदा लागतंच."

डॉक्टर स्टूल ओढून समोर बसले. "हे तिथल्या डॉक्टरांना सांगितलं का नाही, मावशी?"

"सांगितलं व्हतं तवा. म्हनले, तू भांडं उचल. अंगात यायला लागल्यापास्नं फौजदार बी ऐकतोय माझं."

"आणि पाणी बंद करणं?" मी विचारलं. "मालनबाई मरता मरता वाचली."

त्यांनी मान खाली घातली. "ते माझं चुकलं. जुलाब थांबल्यालं दिसायचं, बाई वाळल्याली दिसायची न्हाई."

डॉक्टरांनी मला शेताच्या भाषेत समजावलं. पोटात चांगले जंतू असतात, उभ्या पिकासारखे. कॅप्सूल वाईटांबरोबर त्यांनाही झोडपते. रान मोकळं झालं की एखादा हट्टी जंतू तणासारखा माजतो, आणि त्याचं बी भांड्यावर, चादरीवर, हातावर दिवसेंदिवस टिकून राहतं. परदेशात आत्ता कुठं लोक यावर बोलायला लागलेत, म्हणाले. आणि जुलाब झाले की मीच पुन्हा तीच कॅप्सूल देत होतो, हेही म्हणाले. एवढं कबूल करणारा डॉक्टर मी तोवर पाहिला नव्हता. रंगुबाईंची लक्षणं त्यांनी एक एक करून वहीत उतरवली.

"आणखी काही?" त्यांनी विचारलं.

रंगुबाई अडखळल्या. "राग येनार न्हाई ना? तुमी ह्या बाईचं पोट दाबता, आन् तसंच जाऊन तिचं दाबता. मधी हात धूत न्हाई."

डॉक्टर उठले, नळाशी गेले, आणि साबणाची वडी झिजेल इतका वेळ हात धूत राहिले.

आत्याबाईंच्या कॅप्सूल त्याच दिवशी बंद झाल्या. भांडी रोज ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडायला लागली, जुलाबाच्या बायका वेगळ्या खोलीत गेल्या. नऊ दिवसांनी आत्याबाई एसटीत खिडकीची जागा भांडून मिळवून घरी आल्या. चौथी खेप झाली नाही. रंगुबाईंना डॉक्टरांनी कामावर ठेवून घेतलं. भांडी उचलायला नव्हे, भांडी उचलणाऱ्या पोरींना शिकवायला.

तुमच्या घरचं माणूस बरं होऊन पुन्हा पुन्हा त्याच दुखण्यानं पडत असेल, तर मांजर कुणी मारलं ते शोधू नका. कोणती गोळी किती दिवस चालली, शेजारच्या खाटेवर कोण होतं, हात कुणी धुतले, हे विचारा. गोळी आपल्या मनानं घेऊ नका आणि आपल्या मनानं बंदही करू नका, डॉक्टरला विचारा. पाणी पाजत राहा. आणि जी बाई रोज भांडं उचलते तिचं ऐका. ऐकण्यासाठी तिच्या अंगात यायची वाट बघू नका.