दोर सोडा, कप्तान

बर्फाच्या कारखान्यात सकाळी साडेदहा ही सगळ्यात घाईची वेळ. मासळीचे ट्रक दारात इंजिन चालू ठेवून उभे असतात, लाद्या फोडणारं यंत्र कानठळ्या बसवतं, आणि ओल्या फरशीवर रबरी बुटांनी चालणाऱ्या वहिनीला एकाच वेळी चार जण हाका मारतात.

वहिनी म्हणजे कारखान्याची मालकीण. खरं तर ती एकट्या मिस्त्रीची वहिनी. होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा मिस्त्री तिचा धाकटा दीर. पण त्याने मारलेली हाक गावाने उचलली आणि आता तिच्याहून दहा वर्षांनी मोठे ड्रायव्हरसुद्धा तिला वहिनीच म्हणत.

त्या मंगळवारी टेबलावरचा वायरलेस खरखरला आणि बाईंचा आवाज आला.

"वहिनी, बेटाकडून येणारी लाँच बंद पडली आहे. पंख्यात जाळं अडकलंय. तेवीस प्रवासी आहेत. वारा समुद्राकडून, आणि वाढतोय."

बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. धक्क्यावरच्या गोदामाच्या माडीवर त्यांची खोली होती. खिडकीत दुर्बीण, टेबलावर वायरलेस आणि नोंदवही. अर्ध्या गावाने त्यांच्या हातच्या छड्या खाल्लेल्या, त्यामुळे वायरलेसवर त्यांच्यापुढे वाऱ्यालाही बोलायची चोरी.

"खडक किती लांब?" वहिनीने विचारलं.

"अर्धा तास. फार तर."

वहिनीने यंत्र बंद केलं. एकदम शांत झालं तशी सगळ्यांनी वर पाहिलं. "पाऊण लादी राहिलीय, ती तुमची तुम्ही फोडून घ्या," असं ट्रकवाल्याला सांगून ती निघाली. कुणी हूं की चूं केलं नाही. यंत्र मध्येच बंद झालं की समजायचं, बोट निघाली.

बुडणाऱ्यांना वाचवणारं हे पथक अकरा वर्षांपूर्वी उभं राहिलं होतं. त्या वर्षी वहिनीचा नवरा आणि त्याचा जोडीदार काठावरून दिसेल अशा अंतरावर बुडाले. सगळं गाव धक्क्यावर जमलं होतं. पोहणारे होते, होड्या होत्या, पण एकाही होडीत तेल नव्हतं, लांब दोर नव्हता, आणि कोणी काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तेराव्या दिवसानंतर वहिनी आणि मिस्त्रीने त्याची लाटांनी काठाला आणून टाकलेली बोट विकायला काढली होती, ती विकलीच नाही. तिला भडक नारिंगी रंग दिला. पोरं तिला 'संत्रं' म्हणू लागली. तेव्हापासून दर रविवारी सकाळी सात वाजता सराव. लग्न असो, पाहुणे असोत, सराव चुकायचा नाही.

धक्क्यावर मिस्त्रीने इंजिन चालू करून ठेवलं होतं. तिसरा गडी सलूनवाला. तो धावतच आला, खांद्यावर टॉवेल तसाच.

"गिऱ्हाईक?" मिस्त्रीने विचारलं.

"अर्धी दाढी झालीय. बसलाय बिचारा आरशासमोर. म्हणाला, जा, मी थांबतो."

बंदराच्या तोंडाशी पहिली लाट बसली आणि तिघंही भिजून चिंब झाले. सुकाणू वहिनीच्या हातात होतं. लाटेला नाक द्यायचं, माथ्यावर वेग कमी करायचा, उतारावर पुन्हा वाढवायचा. हे सगळं तिने अकरा वर्षांत शिकून घेतलं होतं. त्याआधी तिला होडीत बसलं तरी उलटी व्हायची.

वीस मिनिटांनी लाँच दिसली. आडवी झाली होती आणि हेलकावे खात मागे मागे सरकत होती. प्रवासी एका बाजूला दाटीवाटीने बसलेले, कुणी डोळे मिटून, कुणी पोरांना कवटाळून. मागे दोनशे हातांवर खडक, त्यांच्यावर फुटणारं पांढरं पाणी.

लाँचच्या कप्तानाने नांगर टाकला होता. पण तो धरत नव्हता. वहिनीने बघितलं आणि तिच्या लगेच लक्षात आलं. नांगराचा दोर लाँचच्या नाकापासून जवळजवळ सरळ खाली गेला होता. प्रत्येक लाटेबरोबर लाँच वर उचलली जायची, दोर नांगराला उपटायचा, आणि लाँच आणखी थोडी मागे जायची. उरलेला दोर कप्तानाच्या पायाशी गुंडाळलेला पडला होता, शंभरेक हात.

तिने वायरलेस उचलला. "कप्तान, दोर सोडा. आहे तेवढा सगळा सोडा."

 पलीकडून कप्तानाचा आवाज आला, चढलेला. "डोकं ठिकाणावर आहे का? मागे खडक आहेत! दोर सोडला तर सरळ त्यांच्यावर जाऊ."

"नांगर उपटतोय तुमचा. दोर लांब झाला की ओढ आडवी बसेल, मग तो तळात रुतेल."

"तीस वर्षं लाँच चालवतोय मी. बर्फ फोडणाऱ्यांनी मला नांगर शिकवू नये. तुम्ही जवळ या आणि माणसं घ्या."

मिस्त्रीच्या तोंडून शिवी निसटली. वहिनीने हात वर करून त्याला गप्प केलं. शेजारी बोट लावायची म्हणजे लाट दोन्ही बोटी एकमेकींवर आपटणार, आणि उडी मारणारं माणूस मधल्या फटीत जाणार. तेवीसच्या तेवीस माणसं सुखरूप येतील हे शक्यच नव्हतं. तिने मनात हिशोब केला: हा असाच वाद घालत राहिला तर आणखी चार मिनिटं, मग खडक.

"कप्तान," ती अगदी सावकाश म्हणाली, "मी शेजारी लागले तर दोन-तीन माणसं हमखास जातील. तुम्ही दोर सोडला तर कदाचित एकही नाही. लाँच तुमची आहे. हात तुमचे आहेत. मला इथून सोडता येत नाही."

वायरलेस खरखरला. बाई मध्ये बोलल्या. "कप्तान, मी धक्क्यावरून बोलतेय. ती सांगते ते करा. आत्ता."

कप्तान दोराकडे वाकला.  त्याने गाठ सोडली आणि दोर सरसरत जायला लागला. लाँच मागे निघाली, भराभर. प्रवाशांतून एकच किंकाळी उठली. खडक शंभर हातांवर. ऐंशी. सलूनवाल्याने तोंड फिरवलं. वहिनीने फिरवलं नाही.

साठ हातांवर लाँचला एक जोरदार हिसका बसला, तिचं नाक गर्रकन लाटांकडे वळलं, आणि ती थांबली. पुढची लाट आली, गेली. लाँच जागची हलली नाही.

"धरला," मिस्त्री हळूच म्हणाला. मग ओरडला, "धरला रे!"

"आनंद नंतर," वहिनी म्हणाली. "भावजी, इंजिन सांभाळा. दोर फेक रे."

सलूनवाल्याने ओढायच्या दोराची बारीक दोरी फेकली. वाऱ्याने ती परत आणली. दुसऱ्यांदा पाण्यात पडली.

"लोकांच्या नाकातला केस बरोबर सापडतो तुला," मिस्त्री ओरडला, "एवढी मोठी लाँच सापडत नाही?"

तिसऱ्यांदा दोरी कप्तानाच्या छातीवरच जाऊन पडली. त्याने जाडा दोर ओढून घेतला, लाँचच्या खुंट्याला बांधला आणि घासू नये म्हणून खाली पोतं घातलं. ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. वहिनीने ते पाहिलं आणि मनात म्हणाली, माणूस जाणता आहे.

दोर ताणला गेला. 'संत्रं' थरथरलं. "आता नांगराचा दोर कापा, कप्तान."  या वेळी लगेच सुरा चालला.

खडकांपासून सुटायलाच वीस मिनिटं लागली. मिस्त्री इंजिनापाशी ओली पोती घेऊन बसला होता आणि तापलेल्या इंजिनाशी लेकरासारखा बोलत होता. धक्का गाठायला दीड तास गेला. तेवीसच्या तेवीस माणसं आपापल्या पायांनी पायऱ्या चढली. बाईंनी वहीत वेळ लिहिली, आणि सलूनवाला उरलेली अर्धी दाढी करायला गेला. गिऱ्हाईक खरंच थांबलं होतं, खुर्चीतच झोपलेलं.

कप्तान मात्र कुणाशी न बोलता निघून गेला.

आठवडाभरात मिस्त्रीच्या कानावर आलं. कप्तान बेटावर सांगत फिरत होता: नांगर माझा होताच, तो धरणारच होता; यांनी फक्त ओढून आणलं. मिस्त्री तणतणत कारखान्यात आला.

"जाऊन चार शब्द सुनावतो त्याला!"

"तेवीस माणसं घरी गेली ना? मग झालं तर. ती लादी धरा जरा," वहिनी म्हणाली. पण रात्री जेवताना तिचा घास दोनदा हातातच राहिला. कौतुक नको होतं तिला. पण पुढच्या वेळी हाच माणूस पुन्हा आखूड दोरावर उभा राहील, ही गोष्ट तिला खात होती.

दोन महिन्यांनी सत्कार ठरला. मासळीच्या लिलावाची शेड तीनदा धुतली तरी वास काही हटेना. बंदर खात्याचे मोठे साहेब रुमाल नाकाला लावायचा की नाही या पेचात खुर्चीवर बसले होते. त्यांनी पथकाचं मानपत्र वाचलं. त्यात 'अतुलनीय' हा शब्द पाच वेळा आला. बाईंनी मोजला. मग साहेबांनी पितळी ढाल वहिनीच्या हातात दिली आणि बोलायची विनंती केली.

भाषणापेक्षा वहिनीला लाटा परवडल्या असत्या. "आम्ही दर रविवारी सराव करतो," ती म्हणाली. "त्या दिवशी तेच केलं. एवढंच." आणि ती बसायला निघाली.

तेव्हा मागच्या रांगेतून कप्तान उठला. शेडमध्ये कुजबुज सुरू झाली. तो पुढे आला, पण व्यासपीठावर चढला नाही.

"एवढंच नाही," तो म्हणाला. "मला बोलू द्या. त्या दिवशी मी चुकलो होतो. यांनी दोर सोडायला सांगितलं, मी उलट बोललो. माणूस घाबरला की हातात असेल ते घट्ट धरतो, तसा मी तो दोर धरून बसलो होतो. आणि वर दोन महिने सगळ्यांना खोटं सांगत फिरलो." तो वहिनीकडे वळला. "माझी नात होती त्या लाँचवर. काल तिने विचारलं, आजोबा, त्या नारिंगी बोटीतल्या बाईंना थँक यू म्हणालात का? मला तिच्याकडे बघवेना."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. समोर माणूस असा उभा असताना टाळ्या वाजवायच्या नसतात, हे सगळ्यांना कळत होतं.

वहिनी ढाल खुर्चीवर ठेवून खाली उतरली. "कप्तान, चुकलात खरे. पण पाठीशी खडक असताना दुसऱ्याचं ऐकायला छाती लागते. आणि पोतं घातलंत ते मी पाहिलं होतं." तिने समुद्राकडे हात केला. "बेटाकडच्या वाटेवर पाण्याखाली काय काय आहे ते आमच्यात कुणालाच धड माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"तोंडपाठ आहे."

"मग रविवारी या. सातला."

"सव्वासातला आलात तर बाई उभं करतात," सलूनवाला मागून म्हणाला, आणि तेव्हा कुठे शेड हसली.

कप्तान पावणेसातलाच आला. सोबत त्याने स्वतः काढलेला नकाशा होता, वहीच्या चार पानांना चिकटपट्टी लावून जोडलेला. बुडालेले खडक, भोवरे, भरती-ओहोटीच्या खुणा. बाईंनी तो चष्मा लावून पाच मिनिटं पाहिला, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं आणि भिंतीवर लावला. पुढच्या महिन्यापासून त्या वाटेवरच्या बाकीच्या लाँचवाल्यांनाही त्याने सरावाला ओढून आणलं. कुणी कुरकुर केली की आपली चूक तो न लाजता, तपशीलवार सांगायचा. त्याच्यासारख्या माणसाने सांगितली म्हणून त्यांना ती पटायची.

हिवाळ्यात एका दुपारी बेटापलीकडे एक होडी उलटली. 'संत्रं' निघालं तेव्हा सुकाणूपाशी वहिनी होती आणि तिच्या शेजारी कप्तान.

"डावीकडून घ्या," तो म्हणाला, "इथे खाली दगड आहे."

तिने डावीकडून घेतलं. दोघं जण होडीच्या बुडाला धरून होते, गारठलेले पण जिवंत. त्यांना वर ओढून घेतलं, ब्लँकेटात गुंडाळलं, आणि चार वाजायच्या आत वहिनी कारखान्यात परत येऊन यंत्र चालू करत होती.