चादर झटकण्यापुरती जागा

"ताई, तिसरं कडवं सांग ना," धाकटा म्हणाला आणि त्याने फोन माझ्या तोंडासमोर धरला.

मी तेव्हा इस्त्रीच्या रोलरमधून येणारी गरम चादर पकडत होते. इस्पितळाच्या धुलाईघरात जेवणाच्या सुट्टीआधीचा तास सगळ्यात वाईट. जनरल वॉर्ड, बाळंतिणी, ऑपरेशनचं थिएटर, सगळ्यांच्या चादरी एकदम येऊन आदळतात. आणि नेमका त्याच वेळी लांब केसांचा, काळ्या शर्टाचा, एका कानात बाळी घातलेला चाळीस वर्षांचा माझा भाऊ मला गाणं मागत होता.

"कसलं कडवं?"

"आईच्या गाण्याचं गं. आम्ही बॅंडमध्ये बसवतोय. दोन कडवी मला येतात, तिसऱ्याचा पत्ताच नाही."

आईने आयुष्यात एकच गाणं रचलं. याच धुलाईघरात ती सव्वीस वर्षं होती. तेव्हा यंत्रं नव्हती. चादरी हौदात धुवायच्या, दोघींनी पिळायच्या, मग दोन टोकं धरून दोघींनी झटकायच्या. काम सरावं म्हणून तिने स्वतःच शब्द जुळवले होते. चौदाव्या वर्षी माझी शाळा सुटली आणि चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात आलं. धाकटा तेव्हा वाळलेल्या कपड्यांच्या टोपलीत झोपलेला असायचा. त्याला जाग येऊ नये म्हणून आई मला म्हणायची, "हळू गं, हळू." त्याची शाळा सुटली नाही. गिटारही त्यालाच मिळाली.

सरळच सांगते, मला त्याचा हेवा वाटायचा. अजून वाटतो. आईचा आवाज त्याच्याकडे गेला, माझ्याकडे आली मनगटं. शेवटच्या आजारपणात तिला उठवणं-बसवणं मीच केलं, पण महिन्यातून एकदा हा आला की आईचा चेहरा असा उजळायचा, की मी शेजारी उभी आहे हेच ती विसरायची.

"तुमच्या त्या आरडाओरड्यात आईचं गाणं कशाला?" मी विचारलं.

"फोक मेटल म्हणतात त्याला. विजेच्या गिटारी, जोरात ड्रम, घसा ताणून गाणं, आणि त्यात आपली जुनी चाल, जुने शब्द."

"म्हणजे खाली गाणं आणि वर गोंगाट."

"वर नाही गं. चाल आत असायला लागते."

मी तिसरं कडवं सांगितलं. नुसते शब्द सांगितले. गाण्यात शब्दांशिवाय आणखी एक गोष्ट होती, ती मात्र मी हातची राखून ठेवली. ती आता जगात फक्त मला ठाऊक होती, आणि तेवढं एक माझं असावं असं मला वाटत होतं.

रविवारी सकाळी त्याने मला तालमीला नेलं. टायरच्या दुकानामागे एक गोदाम होतं. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, जमिनीवर वायरींचा गुंता. ड्रमवर बसलेल्या धिप्पाड माणसाला सगळे पैलवान म्हणत. एक पोरगेलीशी बासरीवाली होती. आणि बेस गिटार वाजवणारा मास्तर. तो खरोखरच शाळेत गणित शिकवायचा, आणि बॅंडमध्येही सगळ्यांच्या चुका काढायचं काम त्याच्याकडेच होतं.

"या ताई, बसा," मास्तरने खुर्ची पुसून दिली. "कानात कापूस घाला, सवय नसेल."

"रोलरपाशी एकोणतीस वर्षं काढलीत मी," मी म्हटलं. "तुम्ही वाजवा."

त्यांनी वाजवायला घेतलं. धाकट्याने तोंड उघडलं आणि मला खुर्ची घट्ट धरावी लागली. हुबेहूब आई.

*कुणाची चादर, कुणाचं अंग,*
*धुऊन गेला कुणाचा रंग*

पण दुसऱ्या ओळीत सगळे अडखळले. बासरीवाली पुढे गेली, पैलवान मागे राहिला. परत सुरू केलं, परत तिथेच घसरलं. मग पैलवानाने ती ओळ दोन्ही पायांनी दणदण भरून काढली. ताल जुळला, पण गाणं मेलं. काय चुकतंय ते मला पहिल्याच वेळी कळलं होतं. मी गप्प बसले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. लाडक्या लेकाला आईचं गाणं येत नव्हतं. टोपलीत झोपून ऐकलेलं ते, असं मनात म्हणत मी चहा प्यायले.

तासाभराने मास्तरने गिटार गळ्यातून काढली.

"हे फोक मेटल नाही. बासरी काढून टाका, मग बघा काय उरतं. नुसतं मेटल. त्याला आपण वरून फोडणी दिलीय. चाल जुनी असेल तर ती ड्रममध्येसुद्धा दिसली पाहिजे."

"चालीतच काहीतरी कमी आहे," बासरीवाली म्हणाली. "दुसरी ओळ आखूड पडते."

"कमी काय, चूक आहे," मास्तर म्हणाला. "धुणंभांडी करणाऱ्या बायका या, त्यांना कुठला आलाय ताल? जसं सुचलं तसं म्हटलं असेल. आपण सरळ करून घेऊ, नाहीतर गाणंच सोडून देऊ."

धाकट्याने मान खाली घातली. "असेल," तो म्हणाला. "आईचं चुकत असेल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी एकटीच जपून ठेवायचं म्हणून गप्प होते, आणि माझ्या गप्प राहण्याने आई बेताल ठरत होती. तेही पोटच्या पोराच्या तोंडून.

"तुझ्या आईचं काही चुकत नाही," मी उठले. "ती चादर द्या इकडे."

ड्रमवर धूळ बसू नये म्हणून टाकायची एक मळकी चादर कोपऱ्यात पडली होती. मी पैलवानाच्या हातात तिची दोन टोकं दिली आणि दोन मी धरली.

"ओढून धरा. मी मान हलवली की झटकायची. मनगटातून, खांद्यातून नाही."

आईबरोबर मी कधी आवाज लावला नव्हता, नुसते ओठ हलवायची. त्या दिवशी पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं. माझा आवाज म्हणजे गंजलेली बिजागरी. *धुऊन गेला,* म्हणून मी थांबले, मान हलवली. फट्! धुळीचा लोट उठला. मग *कुणाचा रंग.*

बासरीवालीने बासरी खाली घेतली.

"ओली चादर झटकताना दम बाहेर जातो," मी म्हटलं. "तेव्हा गाता येत नाही कुणाला. म्हणून दर दुसऱ्या ओळीत तिथे जागा आहे. चूक नाही ती. दोन झटक्यांत एक चादर, एका कडव्यात दोन चादरी. तिने मोजूनमापून केलंय गाणं."

मास्तर कागदावर आकडे मांडू लागला आणि मांडता मांडताच लाल झाला. "सात मात्रा," तो म्हणाला. "पाच गाण्याच्या आणि दोन झटक्याच्या. ताई, मी गाढव आहे."

पैलवान मनगटाकडे बघत होता. "त्या दोनात मी काहीच वाजवणार नाही," तो म्हणाला. "कुणीच काही वाजवायचं नाही."

त्यांनी पुन्हा सुरू केलं. एवढा आवाज, एवढा धडधडाट, आणि ऐन भरात सगळं एकदम बंद. मग पुन्हा कोसळलं. धाकटा रडत हसत होता. "ताई, झालं! झालं गं!" त्याने मला मिठी मारली. मी त्याच्या पाठीवर थोपटलं. झालं खरंच. माझ्याजवळ होतं तेवढं देऊन झालं होतं.

गाणं निघालं आणि दोन महिन्यांत लोकांच्या तोंडी बसलं. इस्पितळात नवीन नर्स मला सांगत आली, "तुमचा भाऊ का तो? मध्येच सगळं थांबवायचं, काय डोकं आहे हो!" मी हो म्हटलं.

मैदानावरच्या कार्यक्रमाला धाकट्याने मला पुढचं तिकीट दिलं होतं. मी मागेच उभी राहिले, कुंपणाजवळ. टळटळीत दुपार, आणि जिकडे पाहावं तिकडे काळे शर्ट. माझ्या शेजारी छातीपर्यंत दाढीचा एक आडदांड माणूस लेकीला खांद्यावर घेऊन उभा होता.

"हे गाणं माझी आई गायची," धाकटा माइकवर म्हणाला. मैदान ओरडलं. त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून तर जास्त लागलं. 'आमची आई' म्हणाला असता तरी चाललं असतं.

गाणं सुरू झालं. हजारो लोक शब्दन् शब्द म्हणत होते, तिसरं कडवंसुद्धा. *धुऊन गेला,* आणि सगळं मैदान एका झटक्यात गप्प झालं.

"फट्," मी म्हणाले.

ठरवून नाही. मनगटं आपोआप हलली आणि तोंडातून निघून गेलं. त्या शांततेत ते चांगलंच ऐकू गेलं. चार-पाच माना वळल्या. *कुणाचा रंग,* सगळे पुन्हा गरजले, आणि दाढीवाला माझ्याकडे वाकला. माणूस भला होता. मला वाईट वाटू नये म्हणून अगदी कानाशी येऊन म्हणाला,

"मावशी, तिथे काही म्हणायचं नसतं. गप्प राहायचं. तशीच चाल आहे ती."

"असं होय," मी म्हटलं. "मला कुठून माहीत असणार?"

"पहिल्यांदा सगळ्यांचंच चुकतं," तो म्हणाला. "आता पुढच्या वेळी माझ्याकडे बघा, मी खूण करतो."

पुन्हा ती जागा आली. त्याने बोट वर केलं. मी हात पदराखाली घट्ट धरले आणि सगळ्यांबरोबर गप्प राहिले.