टिळ्याखालची चीर

मी हेल्मेट बोलतोय. मोटारसायकलवाल्यांचं नव्हे. पोलीस दिसला की डोक्यावर चढणारं आणि पोलीस गेला की आरशाला लटकणारं ते माझं दूरचं भावंड. मी सॉफ्टबॉलचं हेल्मेट. बॅट घेऊन उभ्या राहणाऱ्या पोरीच्या डोक्यावर बसायचं, तिचे दोन्ही कान झाकायचे आणि चेंडू डोक्याकडे आलाच तर तो आपल्या अंगावर घ्यायचा, एवढंच माझं काम. ते मी केलं. पण त्यानंतर माणसांनी माझं जे काही केलं, ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही. हेल्मेटला डोकं कुठलं, असं म्हणाल. इतकी डोकी सांभाळल्यावर थोडंफार येतंच.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. निळं टणक कवच, आत काळ्या स्पंजच्या गाद्या, आणि एका गादीच्या खाली चिकटवलेली पांढरी पट्टी. पट्टीवर बारीक इंग्रजीत छापलं होतं की एकदा जोराचा मार बसल्यावर हे हेल्मेट पुन्हा वापरू नये. पहिल्याच हंगामात पोरींच्या घामानं आणि खोबरेल तेलानं ती पट्टी गळून पडली. तोवर ती कुणी वाचलेलीही नव्हती.

चौसाळ्याच्या एका शाळेतले तानाजी सर मला बीडच्या दुकानातून घेऊन आले. एसटीत त्यांनी मला मांडीवर धरलं होतं, नव्या बाळाला धरावं तसं. शेजारच्या म्हातारीनं मला निरखून विचारलं, "गुरुजी, ह्यात काय शिजवत्यात?" सर इतके हसले की कंडक्टरनं मागं वळून पाहिलं.

सर माणूस भला. पोरींना खेळायला मिळावं म्हणून घरोघरी जाऊन आयांच्या विनवण्या करायचे. ऊन टळल्यावर मैदानाला स्वतः पाणी मारायचे. पोरी पडल्या, गुडघे सोलले, तर ते म्हणायचे, "उठ गं वाघिणी, लागलं तर रडायचं न्हाई!" पोरी उठायच्या. रडायच्या नाहीत. पुढं पुढं तर लागलेलंही सांगेनाशा झाल्या. सांगितलं की घरी कळायचं, आणि घरी कळलं की खेळ बंद व्हायचा. तिथल्या प्रत्येक पोरीला हे ठाऊक होतं.

पंचशीलाला तर ते सगळ्यांत जास्त ठाऊक होतं. तिच्या आईनं, केशरबाईंनी, सरांना स्पष्ट सांगितलं होतं, "गुरुजी, पोरीला लागलंबिगलं तर दुसऱ्या दिशी खेळ बंद. आमाला तिचं डोकं शाबूत पायजे, तिला शिकायचंय."

माझ्यावर तिचा जीव होता. तिला मी थोडा सैल व्हायचो, म्हणून ती आत ओढणीची घडी घालायची आणि बोटानं दोनदा टकटक वाजवून मैदानात उतरायची. बॅट फिरली की चेंडू सरळ बाभळींच्या पलीकडे. पोरी शिट्ट्या मारायच्या. माझ्या आयुष्यातले ते चांगले दिवस.

मग बीडच्या मैदानावरचा तो सामना आला. समोरची पोरगी चेंडू टाकायला लागली की तिचा हात दिसायचा नाही, इतकी वेगवान. चेंडू सुटला तो थेट पंचशीलाच्या डाव्या कानाच्या वर आला. टाक!

तो आवाज बाहेर सगळ्यांनी ऐकला. त्यानंतरचा आवाज फक्त मी ऐकला. माझ्या आत, अगदी हळू, पंचशीला म्हणाली, "माय..."

आणि बाहेर टाळ्या वाजत होत्या. या खेळाचा नियमच तसा आहे. चेंडू अंगावर बसला की खेळणारीला पहिला बेस, म्हणजे एरवी धावत गाठायचा पहिला टप्पा, फुकट मिळतो. आमच्या पोरी उड्या मारत होत्या. सर ओरडत होते, "बेस भेटला! पळ पंचशीला!"

पंचशीला उठली आणि चालायला लागली. पण पहिल्या बेसकडे नाही, उलटीकडे, तिसऱ्या बेसकडे. सगळं मैदान खदखदून हसलं. एक पोरगी धावत गेली, तिला खांद्याला धरून वळवलं आणि पहिल्या बेसवर नेऊन उभं केलं. सर जवळ आले. त्यांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं, असं मला वाटलं, पण त्यांची एक नजर गुणफलकावर होती.

"काय झालं न्हाई ना गं?"

"न्हाई सर."

"शाब्बास!"

एवढंच. एकदा विचारलं, एकदा उत्तर मिळालं, आणि विषय संपला. आम्ही सामना जिंकलो. परतीच्या जीपमध्ये तिला उलटी झाली, तर मैत्रिणी म्हणाल्या, रसवंतीवरचा रस बाधला. दुसऱ्या दिवशी ती सरावाला आली. उन्हाकडे तिला बघवत नव्हतं. पोरींनी तिचं नाव ठेवलं, "उलटी गाडी." तीही हसायची.

माझ्याही अंगात त्या दिवशी काहीतरी तुटलं होतं. वरून दिसत नव्हतं, पण डाव्या कानाच्या वर, कवचात, केसाएवढी चीर पडली होती. ती पांढरी पट्टी असती तर कदाचित कुणाच्या लक्षात आलं असतं. माझं आयुष्य तिथंच संपायला हवं होतं. पण माणसांची एक खोड मला कळत नाही. एखादी गोष्ट वाचवून गेली की ती थकली असेल, असं त्यांच्या मनातच येत नाही. ते तिला देव करून टाकतात.

"हेल्मेट पावलं!" असं सगळ्या शाळेत झालं. खंडेनवमीला बॅटी, ग्लोव्ह आणि चेंडू सतरंजीवर मांडले आणि मला मधोमध पाटावर बसवलं. झेंडूचा हार घातला. सरांनी हळदकुंकवाचा टिळा लावला, तोही नेमका चेंडू बसला त्याच जागी. ओलं कुंकू चिरेत उतरलं आणि चीर दिसेनाशी झाली. त्या दिवशी केशरबाई शाळेत आल्या होत्या. पूजेला त्या लांब उभ्या राहिल्या. सगळे पेढे खायला वळल्यावर माझ्याजवळ आल्या आणि माझ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आमी देवदेव करत न्हाई बाबा. पण माझं लेकरू राखलंस तू."

मला ओरडून सांगायचं होतं, बाई, मी निम्मंच राखलंय. उरलेलं तिला विचारा.

त्यानंतर दर खंडेनवमीला टिळा आणि दर मोठ्या सामन्यात मी. नवी हेल्मेटं आली तरी ती प्लास्टिकमध्येच राहिली. डोक्यात घालताना पोरी माझे दोन्ही कान फाकवायच्या, तेव्हा चीर कुरकुरायची. माझ्याजवळ बोलायला तेवढाच आवाज होता. मी जीव तोडून कुरकुरायचो. पोरी म्हणायच्या, "ऐकलं का? आशीर्वाद देतंय."

मला मात्र प्रत्येक डोक्यात तीच हाक ऐकू यायची. पोरगी कुठलीही असो, ती बॅट घेऊन उभी राहिली की माझ्या आत आधी टाक व्हायचं आणि मग ते हळू आवाजातलं "माय." चेंडू अजून सुटलेलाही नसायचा. कपाटात एकटा असतानाही ते ऐकू यायचं. कुणी दार उघडलं की वाटायचं, ती आली. ती तिसऱ्या बेसकडे चालत निघालीय आणि तिला वळवायला कुणीच नाही.

पंचशीलाची बातमी मला तिच्या धाकट्या बहिणीकडून कळायची. आरोही आता संघात आली होती. ग्लोव्हला तेल लावता लावता ती मैत्रिणीला सांगायची, "ताई बीडच्या क्लासमधून परत आली. तिला अक्षरं हालल्यासारखी दिसतात म्हणं. ट्रकचा हॉर्न वाजला की कान दाबून बसती. आई म्हणती, आभ्यासाचं नाटक हाय." मी कपाटात थिजून जायचो.

आरोही बहिणीपेक्षा सरस निघाली. जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी तिचं नाव आलं तेव्हा सर पुन्हा केशरबाईंकडे गेले. केशरबाईंनी परवानगी दिली, पण अट घातली, "डोक्यात तेच पावलेलं टोपडं घालायचं. दुसरं घातलं तर माझी पोरगी मैदानात उतरणार न्हाई. आन् मी सोता बघायला येणार."

मैदान तेच, बीडचं. केशरबाई आल्या. ऊन लागतं म्हणून ओढणी डोळ्यांपर्यंत ओढून पंचशीलाही आली. समोरच्या संघाची चेंडू टाकणारी पोरगी सराव करत होती. तिचाही हात दिसत नव्हता. मला कळून चुकलं. आज तसा चेंडू पुन्हा बसला तर माझे दोन तुकडे होतील, आणि आत आरोही असेल.

सरांनी मला पिशवीतून काढलं. पंचशीला म्हणाली, "द्या सर, मी घालते तिला."

तिनं बोटानं मला दोनदा टकटक केलं. मग माझे कान फाकवले. मी आयुष्यात कुरकुरलो नव्हतो इतका कुरकुरलो. ती थांबली. पुन्हा फाकवलं. मग तिनं आतली डावी गादी उपटली. बाहेरून इतकी वर्षं लावलेलं कुंकू चिरेतून पार आत उतरलं होतं. आतून एक लाल रेघ दिसत होती.

"आगं घाल की लवकर," केशरबाई म्हणाल्या. "पंच बोलवायलेत."

"माय, हे न्हाई घालायचं."

"कावून? ह्यानंच तर तुला राखलं."

पंचशीलानं मला छातीशी घट्ट धरलं. तिचा पेच मला तिच्या हातांतून कळत होता. बोललं तर बहिणीचा खेळ आजच संपणार. न बोललं तर बहीण या फुटक्या कवचात जाणार. मी सगळा जीव त्या चिरेत आणून बसलो होतो.

ती सरांकडे वळली. "सर, त्या दिशी मी तिसऱ्या बेसकडं कावून गेलते?"

पोरी सवयीनं हसल्या. सरही हसायला लागले आणि अर्ध्यातच थांबले.

"मला पहिला बेस कुठं हाय तेच कळत न्हवतं सर. मी कोण हाय ते सुदा थोडा येळ कळंना. तुमी इचारलं, मी न्हाई म्हणले. पण लागलं होतं. लई लागलं होतं. आजून दुखतंय."

केशरबाईंनी विचारलं, "मग मला बोलली कावून न्हाईस?"

"बोलले आसते तर तू खेळू दिलं आसतंस का?"

सर कसंबसं म्हणाले, "चीर बारीक हाय गं, आजच्यापुरतं..." पंचशीलानं पुढचं ऐकलंच नाही. तिनं मला जमिनीवर ठेवलं, आरोहीच्या हातातली बॅट घेतली आणि टिळ्यावर एक घाव घातला. तिच्या अंगात ताकद कुठली! तरी मी त्या लाल रेघेवर सरळ दुभंगलो.

कुणी हसलं नाही. पंचांनी पुन्हा हाक दिली. आरोही उघड्या डोक्यानं उभी होती आणि आईकडे पाहत होती. मी मातीत पडून वाट बघत होतो, आता "चल घरी" ऐकू येणार.

केशरबाई खाली बसल्या. माझे तुकडे त्यांनी पदरात घेतले आणि फुटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. बोटाला कुंकू लागलं.

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "दुसरी टोपी हाय का न्हाई?"

सरांनी दातांनी प्लास्टिक फाडलं. केशरबाईंनी नवं हेल्मेट स्वतःच्या हातानं आरोहीला घातलं आणि तिची हनुवटी धरून म्हणाल्या, "लागलं तर सांग. मी खेळ बंद करणार न्हाई. पण सांग."

तो सामना कोण जिंकलं ते मला माहीत नाही. मी पदरात होतो.

आता मी चौसाळ्यात, केशरबाईंच्या घरातल्या फळीवर आहे, दोन तुकड्यांत. मला हार नाही, टिळा नाही. सर पंचशीलाला घेऊन बीडच्या डॉक्टरांकडे गेले होते. डॉक्टर म्हणाले, हिला तेव्हाच आणायला हवं होतं. सर अजूनही अधूनमधून येतात, फळीकडे न बघता चहा पितात आणि जातात.

घाव बसला तेव्हा माझ्यातला तो आवाज निघून गेला. टाक नाही आणि माय नाही. इतकी शांतता मला सोसत नाही, कारण तो आवाज गेला कुठं ते मला इथून दिसतं. ट्रकचा हॉर्न वाजला की पंचशीला अजून कान दाबते.

केशरबाई रोज सकाळी तिला विचारतात, "दुखतंय का गं?"

"न्हाई," ती सवयीनं म्हणते.

मग केशरबाई हातातलं काम ठेवतात, तिच्याजवळ बसतात आणि पुन्हा विचारतात. मैदानावरच्या मोठ्या माणसांनो, माझं एवढंच मागणं आहे. पोर पडून उठली, हसली, "न्हाई" म्हणाली, तरी तिला सावलीत बसवा आणि दुसऱ्यांदा विचारा. इथं या फळीखाली, दुसऱ्यांदा विचारल्यावर, पंचशीला कधी कधी "हो" म्हणते.