पाळणाघरातून गेलेली रेघ

मित्रांनो, शाळेच्या जिन्याखाली, मोडक्या बाकांच्या मागे जे पांढरट, तीन चाकांचे काहीतरी उभे आहे ना, तो मी. तुम्ही मला कचऱ्याचा डबा समजून माझ्यात पेन्सिलीची टरफले टाकता. मी ते मनाला लावून घेत नाही, पण एकदा ओळख झालेली बरी. मी फक्की मारायचा जुना गाडा आहे. फक्की म्हणजे चुनखडीची पांढरी पूड. मैदानावर शर्यतीच्या पांढऱ्या रेघा दिसतात, त्या मारणे हे माझे काम.

मी काही मोठ्या कारखान्यात जन्मलो नाही. एका वेल्डरने तेलाच्या पत्र्याच्या डब्याला मोडक्या बाबागाडीची चाके आणि सायकलचे हँडल जोडले आणि मला उभे केले. डब्याच्या तळाला त्याने एक बारीक चीर ठेवली. मला ढकलले की आतला ब्रश फिरतो आणि चिरेतून फक्की खाली पडते. वेल्डरची बायको मला पाहून म्हणाली होती, हे काय ध्यान बनवलंय. असेन मी ध्यान, पण माझी चाल कशी, अगदी नाकासमोर.

शाळेच्या खेळाच्या सरांनी मला विकत घेतले आणि जिवापाड जपले. फक्की ओली राहिली की डब्यात दगडासारखी बसते, म्हणून ते रोज संध्याकाळी मला रिकामे करत, कोरड्या फडक्याने पुसत, चाकांना तेल देत. पाहुणे आले की मला पुढे करून म्हणत, बघा, दोरी न लावता कशी सरळ रेघ येते. असे कौतुक ऐकून काहीजण लाजतात. मी मुळीच लाजत नसे.

तेव्हा आमचे शहर बाळसे धरत होते. कालची मोकळी जागा आज पाहावी तर तिथे इमारत उभी. म्हणून नगररचना कार्यालयाने पुढच्या वीस वर्षांचा आराखडा करायला घेतला होता. सरांची धाकटी बहीण त्याच कार्यालयात होती. सगळे तिला नकाशावाल्या बाई म्हणत.

बाईंनी एका हॉलच्या भिंतीवर शहराचा भलामोठा नकाशा लावला. खुर्च्या मांडल्या, पिण्याचे पाणी ठेवले, आणि लोकांना बोलावले की या, बघा, हरकती सांगा, सूचना करा. पहिल्या दिवशी एक गृहस्थ आले. पंख्याखाली बसून ते पाणी प्यायले आणि विजेचे बिल इथेच भरतात का, असे त्यांनी विचारले. नंतर तेवढेही कोणी फिरकले नाही. मित्रांनो, लोकांना शहराची पर्वा नव्हती असे समजू नका. पण नकाशावरचा रस्ता नखाएवढा रुंद, आणि वीस वर्षांनंतरची गोष्ट म्हटली की माणसाला जांभई येते. महिनाअखेरपर्यंत कोणी काही बोलले नाही, तर नकाशा आहे तसाच पक्का होणार होता.

बाईंनी जेवताना हे गाऱ्हाणे भावाच्या कानावर घातले. सर म्हणाले, "त्यांना हॉलमध्ये कशाला बोलावतेस? रस्ता जिथून जाणार, तिथेच आखून दाखव. माझा गाडा ने." आणि लगेच पुढे, "परत आणताना पुसून आण मात्र."

अशा रीतीने मी पहिल्यांदा मैदानाबाहेर पडलो. शहराच्या कडेला एक गल्ली होती. नकाशातला नवा मोठा रस्ता तिच्यातूनच जाणार होता. बाई फीत धरून जागा मोजत होत्या, त्यांचा शिपाई मला ढकलत होता, आणि मी गल्लीत येणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही कडा मारत चाललो. नळाजवळून, पार्किंगमधून, एका जिन्याच्या खालच्या पायरीवरून. लोक खिडक्यांतून पाहू लागले. खेळ आहे का, कसली शर्यत आहे, असे विचारू लागले. चालता चालता एक कड थेट पाळणाघराच्या दारावर आली आणि शिपायाने मला थांबवले.

हे पाळणाघर दोन खोल्यांचे होते. ते चालवणाऱ्या काकूंकडे गल्लीतली सगळी तान्ही आणि रांगती मुले असत. कोणाची आई दवाखान्यात नर्स, कोणाची बस चालवणारी, कोणाची शिवणकामाला जाणारी. ते पाळणाघर बंद पडले असते तर अर्ध्या गल्लीला कामावर जाता आले नसते. काकू कडेवर एक मूल घेऊन दारात आल्या. बाईंनी चाचरत सगळे समजावून सांगितले. काकूंनी ऐकून घेतले आणि दार पूर्ण उघडले.

"दारात का थांबलात? रस्ता आत येणार असेल, तर रेघही आत येऊ दे. मला बघू दे किती उरतं ते."

मी आत गेलो. घसरगुंडीच्या बाजूने, पाळण्यांच्या मधून, मागच्या भिंतीपर्यंत. खोलीचे सरळ दोन भाग झाले, आणि पाळणे सगळे रस्त्यात आले. मुलांना मोठीच गंमत वाटली. ती रेघेवरून या बाजूला, त्या बाजूला रांगू लागली. दारात जमलेल्या आयांपैकी एकीला मात्र रडू फुटले. माझ्या इतक्या रेघांवर मुले धावली, पण कोणी रडलेले मी तेव्हाच पाहिले. मला फार वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली रस्त्यावर उतरली. जो तो तावातावाने बोलू लागला. रेघ इकडे सरकवा, तिकडे सरकवा, अमक्याच्या घरावर न्या, त्याचं नाहीतरी मोठं आहे. बाईंनी सगळ्यांचे ऐकून घेतले आणि मग एक अट घातली. ज्याला रेघ हलवायची आहे, त्याने गाडा स्वतः ढकलायचा. आणि ज्याच्या दारावर ती जाईल, त्याने दारात उभे राहायचे.

प्रथम मुलांच्या आया पुढे आल्या. त्यांनी रेघ पाळणाघरापासून लांब नेली, ती समोरच्या गॅरेजवर जाऊन आदळली. गॅरेजवाले दादा आवाजाला भारी. हातातला पाना खाली ठेवून त्यांनी आयांच्या हातून मला जवळजवळ हिसकावूनच घेतले. म्हणाले, बघा आता रेघ कशी मारतात ते. बाह्या सरसावून त्यांनी मला असे काही पळवले की माझे झाकण उडाले. लोक हसले, कोणी टाळ्याही वाजवल्या. दादांनी रेघ आपल्या गॅरेजपासून दूर वळवली, गल्ली ओलांडली आणि ते पाळणाघराच्या पायरीशी आले.

दारात अटीप्रमाणे काकू उभ्या होत्या. त्यांच्या खांद्यावर दादांचीच धाकटी मुलगी झोपली होती. दादांची बायको पहाटेच कामाला जाई, आणि ती मुलगी अंगावर पीत होती तेव्हापासून काकूंकडेच वाढत होती. दादा थबकले. ते मला एकाच जागी मागेपुढे करत राहिले आणि तिथे फक्कीचा ढीग पडत गेला.

"काकू, तुम्ही काहीतरी बोला ना," ते म्हणाले.

"मी काय बोलणार? गाडा तुझ्या हातात आहे. तू ठरव. ही उठेल आता, मी दूध गरम करायला ठेवते."

आणि काकू खरोखरच आत निघून गेल्या. मग दादांनी मला वळवले. गॅरेजच्या पुढे पत्र्याची पडवी होती, तिथे ते गाड्या दुरुस्त करत. तिच्याच मधून त्यांनी रेघ नेली. तेवढ्यात काकू दुधाची बाटली घेऊन बाहेर आल्या, आणि ती रेघ पाहून म्हणाल्या, माझा पुढचा ओटाही घ्या, चपला काय, आतही ठेवता येतील. मग पार्किंगवाल्यांनी दोन गाड्यांची जागा सोडली. जिनेवाल्यांनी कुरकुर केली, पण खालची पायरी दिली. संध्याकाळपर्यंत रस्ता आखून झाला. तो नकाशातल्यापेक्षा अरुंद होता आणि पाळणाघरापाशी त्याला चांगलेच वळण आले होते. आयुष्यभर सरळ रेघा मारून मी नाव कमावले, पण मला ते वाकडे वळणच सगळ्यात जास्त आवडले.

कार्यालयातल्या साहेबांनी नाक मुरडले. पण आता हॉलमध्ये खुर्च्या पुरेनात. गल्लीतली माणसे मुलाबाळांना घेऊन आली होती आणि आपापले दार नकाशावर बोट ठेवून दाखवत होती. निकाल लागायला मात्र काही महिने गेले. तोवर काकूंनी खोलीतली रेघ पुसली नाही. पाळणाघर राहणार असं कळेल तेव्हाच पुसते, असे त्या म्हणत.

बाई निकाल सांगायला स्वतः गेल्या. मी त्यांच्याबरोबर होतो, कारण आराखड्यातला बदल जमिनीवर आखायचा होता. वळण मंजूर झाले होते, रुंदी मात्र तितकीशी कमी झाली नव्हती. दादांची पडवी गेली ती गेलीच, शिवाय गॅरेजचा पुढचा भागही गेला. दादा म्हणाले, मागे जागा आहे, बघतो काहीतरी. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बराच लहान होता. काकूंचा ओटा गेला, पण दोन्ही खोल्या राहिल्या. काकूंनी फडके ओले केले आणि त्या फरशीवर वाकल्या. पण पुसायला काही उरलेच नव्हते. मुलांच्या गुडघ्यांनी रेघ कधीच घराघरांत नेली होती. काकू फडके हातात धरून तिथेच खाली बसल्या आणि हसता हसता रडू लागल्या.

त्या दिवशी बाईंनी मला पुसून परत केले. पुढे सर निवृत्त झाले, मैदानावर रंगाच्या कायमच्या रेघा आल्या, आणि मी जिन्याखाली आलो. राग नाही माझा कोणावर. तो रस्ता झाला आहे असे मी ऐकतो. वळणावर बसचे चालक वेग कमी करतात आणि हे वळण कोणी काढले म्हणून चिडतात.

पण मित्रांनो, गेल्या आठवड्यात बाई शाळेत आल्या होत्या. त्यांचे केस पिकले आहेत. पलीकडच्या नव्या वस्तीचा नकाशा भिंतीवर लागला आहे आणि हॉल पुन्हा ओस पडला आहे. त्यांनी मला बाहेर ओढून पाहिले. माझे एक चाक गंजून बसले आहे, डब्यात जुनी फक्की दगड झाली आहे. बाई हळहळल्या आणि मला परत ठेवून गेल्या. तुमच्यापैकी कितीतरी जण त्या वस्तीत राहतात, हे मला तुमच्या बोलण्यावरून माहीत आहे. म्हणून हात जोडता येत नसले तरी विनवतो. माझ्यातली टरफले काढा, डबा खरवडा, चाकाला थोडे तेल द्या. मी अजून रेघ मारू शकतो. फक्त घरी जाऊन आईबाबांना सांगा की मला ढकलायला त्यांनीच यायचे आहे.